फोनातली दुसरी आजी

मला त्या बाईचा राग यायचा. राग कसला, सरळच सांगते, हेवा वाटायचा. ती मला कधी भेटली नाही, भेटणारही नाही. माझ्याच वयाची असेल, नाहीतर दोन-चार वर्षांनी लहान, कारण दात सगळे शाबूत होते तिचे. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पुढ्यात सारवलेली चूल, आणि बोलणं असं की जगाची आई हीच. "ये गं माझ्या वासरा, जेवलीस का?" असं ती फोनातून म्हणायची, आणि खाटेवर पडलेली माझी नात, जिनं सकाळपासून माझ्याशी धड चार शब्द बोललेले नसायचे, ती गालातल्या गालात हसायची.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारीला दुसरा उद्योग नाही, फोनातल्या बाईवर जळते. पण मी कोण ते आधी ऐका, मग म्हणा. आमचं गाव बोर्लीच्या पुढं. समुद्राचा आवाज येतो, पण समुद्र दिसत नाही इतक्या अंतरावर. मी अंगणवाडीत मदतनीस होते. गावातली दोन पिढ्यांची पोरं माझ्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली. जी कुणाच्या बापाच्यानं जेवत नव्हती ती माझ्यापुढं जेवली. माझी शाळा दुसरीपर्यंत. पुढचं वाचन झालं ते सुकट बांधून आलेल्या पेपरांच्या तुकड्यांवर. त्यामुळं कुठलीही बातमी मी कधी पुरी वाचली नाही, ती अर्ध्यात फाटलेली असायची आणि शेवट मी माझ्या मनानं लावायची. ती खोड मला नडली, ते पुढं येईलच.

ही नात म्हणजे माझ्या लेकीची लेक. लेक-जावई दोघंही तळोज्याला कंपनीत. पोर तीन वर्षांची असल्यापासून दहावीपर्यंत माझ्याकडंच होती. आमच्याकडं थंडीत वालाचं बिरडं आठवड्यातून दोनदा तरी होतं. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड काढायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा दाबून साल काढायचं. हे काम एकटीनं होत नाही, म्हणजे होतं, पण जीव जातो. आम्ही दोघी करायचो. डोळे परातीत, हात पाण्यात, आणि पोरीचं तोंड चालू. शाळेत कोण कुणाशी भांडलं, कुणी कुणाचं खोडरबर चोरलं, सगळं त्या परातीवर मला कळायचं. तिच्या आईला कळायच्या आधी मला कळायचं. याचा मला माज होता.

मग दहावी झाली आणि लेक तिला अकरावीसाठी तिकडं घेऊन गेली. मी हसत निरोप दिला, डबा बांधून दिला, आणि एस्टी वळणाआड गेल्यावर पोटच्या पोरीला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

गेल्या थंडीत लेकीचा फोन आला. "आई, हिला थोडे दिवस तुझ्याकडं ठेवशील का? कॉलेजात जात न्हाय. जेवत न्हाय. झोपत न्हाय. फोन हातातून घेतला तर थरथरते. मी ड्युटीवर जाऊ का हिच्याजवळ बसू?"

"पाठव," मी म्हटलं. "उद्याच्या उद्या पाठव."

लेक रडत होती आणि मी तांदूळ भिजत घातले, घावनासाठी. लेकीला जमलं नाही, आता माझ्याकडं येतेय, हे माझ्या मनात पहिलं आलं. दुखण्याचं नंतर आलं. लाज वाटते लिहायला, पण असंच झालं.

पोर आली ती वाळून आलेली. गळ्याशी हाडं दिसत होती. मी दारात उभी, हात पसरून. ती म्हणाली, "आजी, चार्जर कुठं लावू?"

आमच्या घरात रेंज येते ती मागच्या पडवीच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी. तिथं माझी खाट होती. ती तिची झाली. दिवसभर तिथं पडून फोन. अंगठा असा चालायचा, जसं आपण ताटात तांदूळ निवडताना बोटानं सरकवतो, पण हिच्या ताटातले तांदूळ संपायचेच नाहीत. मधेच फोन पालथा ठेवायची. दोन श्वास गेले की परत उचलायची.

"काय बघतेस गं?"

"काय न्हाय."

"कुणाचा फोन येणार हाय का?"

"न्हाय गं आजी. प्लीज ना."

हे प्लीज म्हणजे पुढं बोलू नको. ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

चौथ्या का पाचव्या दिवशी मी तिच्या पायथ्याशी बसले. म्हटलं, "खरं सांग बाय, काय होतंय तुला?" तिनं फोनातून नजर न काढता सांगितलं, "सीन हाय नुसतं. बाकी काय न्हाय."

आता आमच्याकडं शीण कुणी म्हणत नाही. पाण्याला पानी, तसं शिणाला सीन. मला काय वाटणार? मला हायसं वाटलं हो! पोर शिणलीय, एवढंच. शहरातली धावपळ, तो अभ्यास, ती गर्दी. शीण म्हटल्यावर मला त्याचं सगळं माहीत. सकाळी उकड्या तांदळाची पेज चालू केली. दुपारी काशाची वाटी काढली, खोबरेल घेतलं आणि तिचे तळपाय घासायला बसले. काशाच्या वाटीनं तळव्याचं तेल काळं पडतं, ते बघून माझ्या आईला वाटायचं अंगातला शीण निघाला. मलाही वाटतं.

"बघ किती काळं निघालं," मी म्हटलं. "आठ दिवसांत तुझा सीन उतरवते."

तिनं माझ्याकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. "सीन असा उतरत न्हाय गं आजी," ती म्हणाली आणि जरा हसली. मला वाटलं, माझ्या तेलाची थट्टा करते.

आणि मग ती हिरव्या लुगड्याची बाई आली. माझ्या हातात नातीचे पाय, आणि नातीच्या हातात ती. मी घासतेय, माझा खांदा दुखतोय, आणि तिकडून आवाज, "ये गं माझ्या वासरा." पोरीचा चेहरा सैल झाला. कपाळावरची आठी गेली. माझ्या तेलानं जे झालं नाही ते त्या बाईच्या एका हाकेनं झालं. मी वाटी खाली ठेवली ती जरा आपटूनच.

"कोण गं ही?"

"व्हिडिओ टाकते. लाखो लोक बघतात."

"मेली जेवायला बोलावते, आणि वाढते कुणाला?"

"आजी!"

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. पोरीच्या पाठीमागं उभी राहून मी ती बाई बघायला लागले. तिच्यात खोट काढायची म्हणून बघायची. चुलीत लाकडं जास्त घालते. पदर जाळाजवळ लोंबतोय. घावनाला जाळी पडलेली नाही. एकदा मी माझं घावन केलं, जाळी अशी की पलीकडचं दिसावं, वर नारळाचा रस. पोरीनं एक तुकडा मोडला आणि म्हणाली, "त्या आजी पण अस्संच करतात."

त्या आजी! मला अगं-तुगं आणि त्यांना त्या आजी!

याच्याही पुढं गेले मी. सांगू का? एक दिवस मी तिच्यासारखं बोलून बघितलं. ताट घेऊन पडवीत गेले आणि गोड आवाज काढून म्हटलं, "ये गं माझ्या वासरा, जेवलीस का?" पोर दचकून उठून बसली. "आजी, तुला बरं न्हाय का? असं काय बोलतेस?" आमच्या घरात वासरू नव्हतं आणि गायही नव्हती. मी ताट ठेवलं आणि परत स्वयंपाकघरात गेले.

त्यानंतर मी जे केलं ते चूक होतं, हे आधीच सांगते. पोर मोरीत आंघोळीला गेली. फोन खाटेवर. मी तो उचलला आणि सुकटीच्या डब्यात, सुकटीच्या आत खोल खुपसून झाकण लावलं. मनात म्हटलं, आता बघू ती बाई कशी हाक मारते.

पोर आली. उशी उचलली, चादर झटकली, खाटेखाली वाकली. मला वाटलं होतं ओरडेल, भांडेल. भांडली असती तर मी भांडणाला तयार होते. पण ती भिंतीला टेकून खाली बसली. श्वास लागला तिला. ओठ पांढरे पडले, हात हातात घेतले तर मासळीसारखे गार. "आजी, माझा श्वास... आजी..." मी इतक्या पोरांचे ताप बघितले, फिट बघितली, पण असं नाही बघितलं. मी धावले, डबा उघडला, फोन काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो ओढणीनं पुसला. सुकटीची दोन डोकी खाली पडली.

आणि इथं मी थबकले. मला वाटलं होतं, फोन मिळाल्यावर ती खुलेल. हरवलेलं माणूस मिळाल्यासारखं काहीतरी होईल. तिनं अंगठा फिरवला, बघितलं, आणि तोंड आणखीच पडलं. मी जिच्यावर जळत होते ती सवत जर एवढी लाडकी, तर तिला बघून पोरीचं तोंड का पडावं? हे मला रात्रभर सुटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही. मीही विचारलं नाही. शहाणपण म्हणून नव्हे, मला तोंडच नव्हतं. वालाला मोड आले होते. मी परात घेऊन पडवीत बसले आणि एकटीच सोलायला लागले. बऱ्याच वेळानं खाट करकरली. पोर समोर येऊन बसली आणि तिनं पाण्यात हात घातला. सवय मोडली होती, दाणे बोटांतून निसटून पळत होते.

"आज विचारलं न्हायस," ती म्हणाली.

"काय विचारू?"

"रोज विचारतेस ते. काय होतंय, काय होतंय."

"तू सांगितलंस की मला. सीन हाय म्हणून."

ती थांबली. हातात वालाचा दाणा तसाच. "आजी, तुला काय वाटलं, सीन म्हणजे?"

"सीन म्हणजे सीन. थकवा. म्हणून तर रोज तेल घासत होते."

ती हसायला लागली. अशी हसली की परातीतलं पाणी हललं. आणि हसता हसता कधी रडायला लागली ते मला कळलं नाही, कारण माझे डोळे परातीत होते. मी ते तिथंच ठेवले.

मग तिनं सांगितलं. सीन म्हणजे बघितलं. फोनात आपण कुणाला लिहिलं आणि त्यानं वाचलं की तिथं खूण येते. निळी. म्हणजे त्यानं बघितलंय हे आपल्याला कळतं. कॉलेजात तिच्या तीन मैत्रिणी होत्या, चौघींचा मिळून एक ग्रुप. एका संध्याकाळी तिला काही कारण नसताना भीती वाटायला लागली, छातीत धडधडायला लागलं, घरात कुणी नव्हतं. तिनं त्यांना लिहिलं, माझ्याशी कुणीतरी बोला ना. तिघींनी बघितलं. निळं झालं. उत्तर कुणीच दिलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजात त्या हसत होत्या, दुसरंच काहीतरी बोलत होत्या. तिनं परत लिहिलं. परत निळं.

"मग त्या काशीदला गेल्या," ती म्हणाली. "समुद्रात उभ्या राहून फोटो टाकले. मी त्यांना सांगितलेलं आजी, समुद्र मी दाखवीन तुम्हाला, माझ्या आजीकडं जाऊ. मला न सांगता गेल्या. तेव्हापासून मी बघते. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या फोटोत कोण. बघितलं की पोटात आग होते. न्हाय बघितलं तर श्वास लागतो. मला माहीत हाय हे येड्यासारखं हाय."

माझ्या बोटातला दाणा पाण्यात पडला. पोटातली आग कशी असते ते मला कुणी समजवायची गरज नव्हती. महिनाभर माझ्याही पोटात तीच होती. आणि मी तिला काय समजत होते? फोनाच्या प्रेमात पडलेली पोर. ती बिचारी बंद दारापुढं बसली होती, कडी वाजवत. मी अर्धी बातमी वाचली आणि शेवट माझ्या मनानं लावला.

तरी माझा स्वभाव बघा. एवढं ऐकूनही मी विचारलं, "आणि मग ती बाई?"

"कोण बाई?"

"ती. हिरव्या लुगड्याची."

"ती होय?" तिनं नाक ओढलं. "तिचं बोलणं तुझ्यासारखं हाय म्हणून लावायचे तिकडं असताना."

मला आधी बरं वाटलं आणि मग झोंबलं. "मग मला फोन का न्हाय केलास? मी मेले होते का?"

"केला होता. दोनदा केला."

"कधी?"

"एकदा तू अंगणवाडीच्या नव्या बाईचं सांगत होतीस. खिचडीत मीठच घालत न्हाय म्हणून. दुसऱ्यांदा विहारातल्या कार्यक्रमाचं सगळं सांगितलंस, कोण आलं, कोण जेवलं. मी म्हटलं आजी ऐक ना. तू म्हणालीस, ठेव ठेव, दूध उतू चाललंय."

मला ते दूध आठवलं. उतू गेलंच होतं.

"ती बाई पण बोलतच असते की," मी म्हटलं.

"व्हय. पण ती माझी न्हाय ना. म्हणून तिचा राग येत न्हाय."

वाल सोलून झाले होते. आम्ही दोघी रिकाम्या सालांत हात घालून बसून राहिलो.

मला वाटलं, आता झालं. गाठ सुटली. आता ही सगळं मलाच सांगणार, पेज पिणार, मी ऐकणार, तोंडाला कुलूप घालून ऐकणार, आणि महिन्याभरात पोर बरी. मनात मी लेकीला फोनही लावला, बघ, तुला जमलं नाही ते मी केलं. तेवढ्यात पोर म्हणाली, "आजी, मला कुणाशी तरी नीट बोलायचंय. तुझ्याशी न्हाय. आईशी पण न्हाय."

असं म्हणाली. परात माझ्या मांडीवर.

गावातल्या आशाताईनं सांगितलं की माणगावला एक डॉक्टरबाई आहेत, मनाचं बघतात, पोरांशी चांगलं बोलतात. म्हसळ्याच्या पुढं घाटात रेंज जाते. पोरीनं एस्टीत फोन दोनदा उचलला, दोनदा ठेवला, आणि मग वळणं संपेपर्यंत माझा पदर धरून बसली. मी खूश. दवाखान्यात नाव पुकारलं तेव्हा आम्ही दोघी उठलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "आजी, तुम्ही बाहेर बसा हं."

"मी तिची आजी हाय."

"व्हय ना, म्हणूनच," त्या हसून म्हणाल्या आणि दार लावलं.

मी बाकड्यावर बसले. दार पातळ होतं पण शब्द येत नव्हते, नुसता आवाज. पोरीचा आवाज. बोलत होती. थांबत होती आणि परत बोलत होती. लेकीचा फोन आला. "काय म्हणते गं आई?"

"मला काय माहीत? मला बाहेर बसवलंय."

"तुला?" लेक म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. "तुला बाहेर बसवलं?"

"हस. हस तू."

पोर बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण खांदे खाली आले होते. इतके दिवस ते कानाला चिकटलेले होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून थोडंच सांगितलं. फोन हिसकायचा नाही. हिसकल्यानं दुखणं फोनाबरोबर डब्यात जात नाही. म्हणजे डब्याचंही पोरीनं सांगितलं होतं! जेवताना फोन दुसऱ्या खोलीत, आणि त्या वेळेला माझाही. थोडं थोडं करायचं. पंधरा दिवसांनी परत यायचं, औषधाचं तेव्हा बघू. "आणि आजी, आत काय बोलली ते तिला विचारू नका. सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल."

स्टँडवर आम्ही वडापाव खाल्ला. तिनं पुरा खाल्ला आणि माझ्यातला अर्धा मागितला. मी तिच्याकडं बघत होते.

"विचार ना," ती म्हणाली. "तुझ्या पोटात दुखत असेल."

"न्हाय विचारत."

"बघ हां. एस्टी यायला अजून वेळ हाय."

"न्हाय म्हटलं ना बाय. खा."

ती हसली. आणि तिनं सांगितलं नाही.

सगळं बरं झालं असं मी लिहिणार नाही. मधे दोन वाईट आठवडे गेले. एकदा तिनं परत त्या मैत्रिणींचे फोटो बघितले आणि दिवसभर उठली नाही. पण त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच तो ग्रुप सोडायचं ठरवलं. फोन माझ्यापुढं धरून म्हणाली, "हे दाब आजी, माझा हात होत न्हाय." मी दाबलं. कॉलेजचं तिनं आणि आईनं ठरवलं, पुढल्या वर्षी परत बसायचं. त्या मैत्रिणींबद्दल मला थोडं माहीत आहे, बाकीचं त्या दाराआड आहे.

चौथ्या खेपेला मी लुगडं बदलून, पिशवी घेऊन तयार होते. ती चपला घालत म्हणाली, "आजी, आज मी एकटीच जाते. जमेल मला."

"घाटात वांती झाली तर?"

"मग करेन वांती."

मी तिला थांब्यापर्यंत सोडलं. एस्टी आली. चढताना तिनं मागं वळून हात केला, आणि तिच्या तोंडावर घाई होती. कुणाला तरी काही सांगायचं असतं तेव्हा माणसाच्या तोंडावर असते ती. ही घाई मी ओळखते. शाळेतून घरी पळत यायची तेव्हा असायची, आणि ती माझ्यासाठी असायची.

एस्टी गेली आणि मला त्या माणगावच्या बाईचा इतका हेवा वाटला की थांब्यापासून घरापर्यंत मी कुणाशी एक शब्द बोलले नाही. वाटेत चार घरं लागतात. चारही घरांतून हाक आली, मी नुसती मान हलवली. आमच्याकडं ही मोठी बातमी. दुपारी दोघीजणी दारात येऊन उभ्या राहिल्या, म्हातारीला ताप आलाय का बघायला.